पाकिटावरचा हिशेब

अमेरिकेचे पहिले सरकारी टपाल तिकीट १ जुलै १८४७ रोजी विक्रीस आले, पण अमेरिकी टपालाचा संग्रह त्याच्याही बराच मागे जातो. तिकिटाआधीचे पत्र म्हणजे कागदाचा एक ताव. आतल्या बाजूला मजकूर, घडी घालून लाखेने बंद केलेला, आणि बाहेरच्या कोऱ्या बाजूवर पत्ता. पाकिटे मिळत नव्हती असे नाही, ती परवडत नव्हती. टपालाचा दर वजनावर नसून कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे, आणि पाकीट हा आणखी एक कागद धरला जाई. म्हणजे पाकिटात घातलेल्या पत्राला दुप्पट पैसे. १८२५ ते १८४५ या काळात एका कागदाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० मैलांपर्यंत १०, १५० मैलांपर्यंत साडेबारा, ४०० मैलांपर्यंत पावणेएकोणीस आणि त्यापुढे २५ सेंट पडत. पावणेएकोणीस हा आकडा विचित्र वाटतो. पण त्या काळी अमेरिकेत स्पेनची चांदीची नाणी राजरोस चालत, एक रियाल साडेबारा सेंटांचा होता आणि दीड रियाल म्हणजे बरोबर पावणेएकोणीस.

पैसे आधी भरायची सक्ती नव्हती. बहुतेक पत्रे नॉटपेडच जात आणि पत्र घेणाऱ्याला खिशात हात घालावा लागे. पोस्टमास्तर घडीच्या कोपऱ्यात टाकाने आकडा लिही, पैसे आधीच मिळाले असतील तर त्याच्याशेजारी तसा शेरा मारी. अशी बिनतिकिटाची पत्रे आजही बाजारात मुबलक आहेत आणि अनेक नवशिक्यांनी ओलांडून जावे इतकी साधी दिसतात. पुढे तिकीट आल्यावर पाकिटावर जे जे वाचावे लागते, दर, अंतर, कोणी भरले, कोणाकडून वसूल करायचे, ते सगळे या साध्या घड्यांवर आधीपासून आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी टपालाचा संग्रह चित्रांचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे, हे त्यांच्यावरून पहिल्याच दिवशी कळते.

दर महाग असल्यामुळे खासगी टपालवाल्यांचे फावले. न्यूयॉर्क शहरात अलेक्झांडर ग्रेग याने १ फेब्रुवारी १८४२ रोजी ‘सिटी डिस्पॅच पोस्ट’ सुरू केले आणि वॉशिंग्टनचे चित्र असलेले ३ सेंटांचे चिकटवायचे तिकीट काढले. अमेरिका खंडातले हे पहिले तिकीट, आणि ते सरकारी नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने हा धंदा विकत घेतला. १८४४ मध्ये लायसँडर स्पूनर याने ‘अमेरिकन लेटर मेल कंपनी’ काढून सरकारी मक्तेदारीलाच आव्हान दिले. खटले झाले, कंपनी बंद पडली, पण लोकांनी स्वस्त टपालाची चव घेतली होती. काँग्रेसने १ जुलै १८४५ पासून दर बदलले: अर्ध्या औंसाला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १०. कागद मोजणे संपले, वजन आले, आणि पाकिटाचा रस्ता मोकळा झाला.

दर सोपे झाले तरी तिकिटे काढायला सरकारला आणखी दोन वर्षे लागली. ही पोकळी काही शहरांच्या पोस्टमास्तरांनी आपल्या हिमतीवर भरली. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मॉरिस यांनी नोटा छापणाऱ्या कंपनीकडून वॉशिंग्टनचे ५ सेंटांचे सुबक तिकीट कोरून घेतले. विक्रीआधी त्यावर आद्याक्षरांची सही होई. प्रॉव्हिडन्सच्या तावात बारा तिकिटे होती, त्यातली अकरा ५ सेंटांची आणि एकच १० सेंटांचे. सेंट लुईच्या तिकिटांवर दोन अस्वले आहेत, म्हणून संग्राहक त्यांना नुसते ‘बेअर्स’ म्हणतात. त्यांच्या छपाईचा पत्रा अवघ्या सहा तिकिटांचा होता. त्यावरची ५ सेंटांची काही तिकिटे मध्येच खरवडून २० सेंटांची केली गेली आणि नंतर पुन्हा ५ ची. खरवडल्याच्या खुणा तिकिटांवर दिसतात. १८९५ मध्ये लुईव्हिलच्या न्यायालयाच्या तळघरातली रद्दी काढताना ही अस्वले शंभराहून अधिक संख्येने सापडली, तोपर्यंत ती अतिदुर्मीळ समजली जात होती.

अलेक्झांड्रिया गावाचे निळ्या कागदावरचे तिकीट मात्र आजही एकच आहे. ते १८४७ मध्ये एका तरुणाने आपल्या प्रेयसीला रिचमंडला पाठवलेल्या पत्रावर आहे. पत्र वाचून नेहमीप्रमाणे जाळून टाकावे असे त्याने आत लिहिले होते, कारण दोघांच्या घरच्यांचा विरोध होता. तिने ते जाळले नाही, आणि पुढे दोघांचे लग्नही झाले. १९८१ मध्ये हे पाकीट दहा लाख डॉलरला विकले गेले.

१८४७ ची सरकारी तिकिटे दोनच: ५ सेंटांचे तपकिरी, त्यावर बेंजामिन फ्रँकलिन, आणि १० सेंटांचे काळे, त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन. फ्रँकलिनला पहिला मान मिळाला यात नवल नाही, १७७५ मध्ये वसाहतींच्या टपाल खात्याचा पहिला प्रमुख तोच होता. तिकिटांना छिद्रे नव्हती, कात्रीने कापून घ्यावी लागत, त्यामुळे चारही बाजूंना समास शाबूत असलेली प्रत आज खास किंमत घेते. तिकीट वापरायची सक्ती अजूनही नव्हती, म्हणून १८५१ पर्यंतच्या चार वर्षांतल्या बहुसंख्य पत्रांवर ते नाहीच. ५ सेंटांचे तिकीट हाताशी नसले की काही ठिकाणी १० चे तिकीट तिरपे कापून अर्धे लावत. असे अर्धे तिकीट पाकिटावर असेल तर मोलाचे, सुटे असेल तर कवडीमोल, कारण सुटे तिकीट कोणीही, कधीही कापू शकतो.

१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या निमित्ताने याच दोन तिकिटांच्या नकला सरकारनेच छापल्या. त्या नव्याने कोरलेल्या होत्या, त्यामुळे फरक राहिला. ५ सेंटांच्या अस्सल तिकिटात फ्रँकलिनच्या सदऱ्याच्या पांढऱ्या झालरीची डावी कड लंबवर्तुळाला जिथे टेकते, ती जागा खालच्या ‘फाइव्ह’ या शब्दातल्या पहिल्या अक्षराच्या माथ्याच्या पातळीत येते. नकलेत ती आणखी खाली, ५ या आकड्याच्या माथ्याच्या पातळीत येते. भिंगाखाली अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण न पाहता खरेदी केली तर महागात पडते.

यानंतरचे तिकीट या सगळ्या शतकाचा कणा आहे आणि ते अगदी स्वस्त आहे. १ जुलै १८५१ पासून ३,००० मैलांपर्यंतच्या पत्राला आगाऊ भरल्यास ३ सेंट आणि न भरल्यास ५ सेंट असा दर झाला. आगाऊ भरणाऱ्याला सवलत, ही युक्ती लागू पडली. १ एप्रिल १८५५ पासून आगाऊ भरणे सक्तीचे झाले आणि १ जानेवारी १८५६ पासून ते तिकिटानेच, किंवा तिकीट छापलेल्या सरकारी पाकिटाने. या दरासाठी फिलाडेल्फियाच्या टॉपन, कार्पेंटर, कॅसिलियर आणि कंपनीने वॉशिंग्टनचे ३ सेंटांचे तिकीट छापले. आजोबांच्या काळातल्या अमेरिकी पेट्यांमधून ते अजूनही निघत असते. बरी वापरलेली प्रत एका साध्या जेवणाच्या खर्चात मिळते.

या तिकिटाची गंमत त्याच्या छपाईत आहे. चित्र आधी मऊ पोलादाच्या एका ठोकळ्यावर कोरले जाई. ठोकळा कडक करून त्यावर मऊ पोलादी रूळ दाबून फिरवत, की चित्र रुळावर उठे. मग तो रूळ कडक करून छपाईच्या पत्र्यावर दोनशे वेळा दाबत, शंभर डावीकडे आणि शंभर उजवीकडे. रुळावरच्या बाहेरच्या रेघा पुसट उमटत, म्हणून कारागीर प्रत्येक जागेवर त्या हाताने पुन्हा कोरी. एक रेघ कोपऱ्याबाहेर गेली, दुसरी वाकडी पडली, तिसरी दुहेरी झाली, आणि पत्र्यावरची प्रत्येक जागा शेजारच्या जागेहून वेगळी झाली. हे वेगळेपण ओळखून सुटे तिकीट पत्र्यावरच्या नेमक्या कोणत्या जागेचे हे ठरवणे याला संग्राहक ‘प्लेटिंग’ म्हणतात. छिद्रे नसलेल्या ३ सेंटी तिकिटांसाठी नऊ पत्रे वापरले गेले. त्यांतल्या काहींची मधूनमधून डागडुजी झाल्याने त्यांच्या तेरा अवस्था होतात. तेरा गुणिले दोनशे, म्हणजे २,६०० जागा. कॅरोल चेस या डॉक्टराने त्या लावून दाखवल्या आणि १९२९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. संगणक नाही, छायाप्रत नाही, हाताशी हजारो तिकिटे, भिंग आणि चिकाटी. एकाच तिकिटाच्या दोन जोडलेल्या प्रती मिळाल्या की शेजार कळतो, तिघांची पट्टी मिळाली की रांग पुढे सरकते. प्लेटिंगची सगळी भिस्त अशा जोड्यांवर आणि पट्ट्यांवर असते.

त्याच संचातल्या १ सेंटाच्या निळ्या फ्रँकलिनवर स्टॅन्ली अॅशब्रुक यांनी असेच काम केले. तिथे अडचण निराळी होती. मूळ चित्र उंचीला इतके मोठे होते की पत्र्यावर दाबताना वरची-खालची नक्षी बहुतेक जागी अर्धवट उमटली किंवा मुद्दाम तासून टाकली गेली. छिद्रे नसलेल्या तिकिटांत संपूर्ण नक्षी दिसते ती एकाच जागी, पहिल्या पत्र्याच्या सुरुवातीच्या अवस्थेत उजव्या भागातले सातवे तिकीट. शेजारची तिकिटे त्या मानाने फार स्वस्तात मिळतात, आणि हे एक मोठ्या रकमांना जाते. चित्र तेच, कागद तोच, फरक तळाशी असलेल्या बारीक वेलांटीचा.

१८५७ मध्ये अमेरिकी तिकिटांना छिद्रे आली. पत्रे मात्र कात्रीच्या काळातलेच होते, तिकिटे एकमेकांना अगदी खेटून बसलेली. त्यामुळे छिद्रे पाडणारे यंत्र बहुतेक तिकिटांच्या चित्रातच घुसे. नीट मध्यावर बसलेले चित्र आणि चारही बाजूंना सारखी छिद्रे असलेली या काळातली प्रत म्हणूनच विरळा. यातून एक जुनी लबाडीही निघाली आहे, छिद्रांच्या तिकिटाचे दात कापून ते आधीचे महाग तिकीट म्हणून विकायचे. समास अरुंद असेल तर संशय घ्यावाच.

यादवी युद्धाने टपालाची घडी मोडली, आणि संग्राहकांना सर्वांत बोलकी पाकिटे दिली. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटले तेव्हा दक्षिणेतल्या टपाल कचेऱ्यांत उत्तरेच्या सरकारची तिकिटे पडून होती. ती विकून दक्षिणेने पैसा उभा करू नये म्हणून उत्तरेने ऑगस्टपासून नवी तिकिटे काढली आणि जुनी रद्द ठरवली. प्रत्येक गावात जुनी बदलून घ्यायची थोड्या दिवसांची मुदत, मग ती बाद. मुदतीनंतर लावलेल्या जुन्या तिकिटांच्या पाकिटांवर फिलाडेल्फियाच्या कचेरीने ‘जुनी तिकिटे मान्य नाहीत’ असा शिक्का मारला, आणि आज तो शिक्का असलेली पाकिटे शोधून घेतली जातात. १८६० मध्ये निघालेले ९० सेंटांचे निळे तिकीट या रद्दबातलीत जेमतेम वर्षभर जगले. त्याची वापरलेली प्रत कोऱ्या प्रतीहून महाग आहे, म्हणून कोऱ्या प्रतींवर खोटे शिक्के मारण्याचा उद्योगही चालतो.

दक्षिणेच्या टपाल खात्याचे प्रमुख जॉन रीगन यांना लगेच तिकिटे काढता आली नाहीत. जून १८६१ पासून ऑक्टोबरपर्यंत गावोगावच्या पोस्टमास्तरांनी पुन्हा आपापली तिकिटे काढली, सोळा वर्षांपूर्वीचाच प्रकार. कागदाचा इतका तुटवडा पडला की लोक जुने पाकीट उलटून आतली बाजू बाहेर करून पुन्हा वापरत, किंवा भिंतीला लावायच्या रंगीत कागदाचे, हिशेबाच्या वहीच्या पानाचे पाकीट चिकटवत. उलटलेल्या पाकिटाच्या आत डोकावले की पहिले पत्र कोणी कोणाला पाठवले होते तेही दिसते. उत्तरेत याच्या उलट चित्र होते. तिथे झेंडे, गरुड आणि शत्रूची खिल्ली छापलेल्या पाकिटांची लाटच आली. युद्धकैद्यांची पत्रे पांढऱ्या निशाणाखाली दोन बाजूंमध्ये अदलाबदल होत, आणि त्यांतल्या काहींवर दोन्ही सरकारांची तिकिटे शेजारी शेजारी आहेत.

या काळातली आणखी एक कमी पाकिटांची पण मोठ्या नावाची सेवा म्हणजे पोनी एक्सप्रेस. मिझुरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोपर्यंत घोडेस्वार सुमारे दहा दिवसांत टपाल पोचवत. सुरुवातीला अर्ध्या औंसाला ५ डॉलर पडत, शेवटी १. एप्रिल १८६० मध्ये सुरू झालेली ही सेवा पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तारेच्या खांबांनी संपवली. तिची अस्सल पाकिटे अडीचशेच्या आसपास माहीत आहेत. सिनेमांनी तिला दिलेले महत्त्व तिच्या खऱ्या टपालाच्या मानाने अतोनात आहे. कॅलिफोर्नियाचे पुष्कळ टपाल पनामामार्गे आगबोटीने येई, आणि त्या मार्गाची पाकिटे स्वस्तही आहेत आणि वाचायला जास्त समृद्धही.

पाकीट वाचणे म्हणजे काय, हे अटलांटिक ओलांडणाऱ्या पत्रावर नीट कळते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात १८४८ मध्ये टपाल करार झाला. तो १८४९ च्या फेब्रुवारीत अमलात आला आणि १८६७ अखेरपर्यंत चालला. अर्ध्या औंसाच्या पत्राला २४ सेंट. त्यांतले ५ अमेरिकेतल्या वाहतुकीचे, १६ समुद्राचे आणि ३ ब्रिटनमधल्या वाहतुकीचे. समुद्राचे १६ कोणाला, हे बोट कोणाची यावर ठरे. समजा, न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला निघालेल्या एका पाकिटावर १२ सेंटांच्या काळ्या तिकिटांची जोडी आहे आणि शेजारी तांबडा ‘१९’ चा शिक्का आहे. २४ सेंट अमेरिकेत जमा झाले, पण बोट ब्रिटिश कराराची होती, म्हणून समुद्राचे १६ आणि तिकडच्या वाहतुकीचे ३ मिळून १९ सेंट अमेरिकेने ब्रिटनच्या खात्यावर टाकले. तेच पाकीट अमेरिकी बोटीने गेले असते तर शिक्का ‘३’ चा असता. पैसे आधी न भरलेल्या पत्रावर आकडा काळ्या शाईत येतो आणि उलट दिशेने चालतो. ब्रिटनने वसूल करून अमेरिकेला किती द्यायचे ते तो सांगतो, ब्रिटिश बोट असेल तर ५, अमेरिकी असेल तर २१. तांबडा म्हणजे देणे, काळा म्हणजे येणे. एवढे कळले की बनावट पाकिटे आपोआप उघडी पडू लागतात. २४ सेंटांच्या तिकिटांशेजारी काळा ‘५’ असेल तर ती तिकिटे मागाहून चिकटवलेली असण्याची दाट शक्यता आहे, कारण त्या कारकुनाने पत्र नॉटपेड धरले होते.

युद्धानंतर टपाल खात्याला वेगळीच चिंता लागली: लोक शिक्क्याची शाई धुऊन तिकिटे पुन्हा वापरत असल्याचा संशय. चार्ल्स स्टील यांनी १८६७ मध्ये एका युक्तीचे पेटंट घेतले. तिकिटावर बारीक टोकांचा चौकोन दाबून कागदाचे तंतू मोडायचे, म्हणजे शाई आत मुरेल आणि धुता येणार नाही. या दाबलेल्या चौकोनाला ‘ग्रिल’ म्हणतात. त्याच्या आकारांना संग्राहकांनी इंग्रजी अक्षरे दिली. ‘झेड’ ग्रिल सुमारे ११ बाय १४ मिलिमीटरचे. ते दाबलेली १ सेंटाची तिकिटे दोनच माहीत आहेत. एक न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या मालकीचे आहे. दुसऱ्याच्या बदल्यात २००५ मध्ये विमान उलटे छापल्या गेलेल्या १९१८ च्या प्रसिद्ध तिकिटांचा चौकडा दिला गेला होता, आणि जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ४४ लाख डॉलर मिळाले. डोळ्यांना ते एक मळके निळे तिकीट दिसते. धुऊन तिकिटे वापरण्याचा धोका खरोखर किती होता याबद्दल शंका घ्यायला जागा आहे, कारण काही वर्षांतच ग्रिल गुपचूप बंद झाले.

१८६९ च्या मालिकेत पहिल्यांदाच थोर पुरुषांच्या चेहऱ्यांपलीकडची चित्रे आली: घोड्यावरचा टपालवाला, आगगाडीचे इंजिन, ‘अॅड्रिअॅटिक’ ही आगबोट, कोलंबसचे किनाऱ्यावर उतरणे, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा प्रसंग. मोठ्या किमतीची चार तिकिटे दोन रंगांत होती. दोन रंग म्हणजे कागद दोनदा यंत्रातून काढायचा, आणि दुसऱ्यांदा तो उलटा गेला की चित्र डोक्यावर. १५, २४ आणि ३० सेंटांच्या अशा उलट्या तिकिटांनी या मालिकेला अजरामर केले. त्या वेळच्या लोकांना मात्र ही लहानखुरी, जवळजवळ चौकोनी तिकिटे मुळीच आवडली नाहीत. वर्षभरात ती बदलावी लागली.

या मालिकेतल्या ९० सेंटांच्या लिंकनचे पाकिटावर लावलेले तिकीट एकच माहीत आहे, आणि ते हिंदुस्थानात आलेले आहे. १८७३ मध्ये बॉस्टनहून निघालेल्या या पाकिटावर कलकत्त्याच्या ‘आइस हाउस’चा पत्ता आहे. बॉस्टनच्या ट्यूडर कंपनीने न्यू इंग्लंडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून लाकडाच्या भुशात बांधून गलबतांनी कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला विकायचा धंदा १८३३ पासून उभारला होता. त्या बर्फाची कोठारे म्हणजे ही आइस हाउसे. पाकिटावर ९०, १२ आणि १० सेंटांची तिकिटे आहेत. बेरीज १ डॉलर १२ सेंट, म्हणजे २८ सेंटांच्या दराची चौपट. जाड पत्र असावे, धंद्याची कागदपत्रे आत असावीत. १९६७ मध्ये हे पाकीट इंडियानापोलिसच्या एका संग्राहकाच्या घरातून चोरीला गेले आणि २००६ मध्ये शिकागोत, त्याचे मोल माहीत नसलेल्या लोकांच्या हातून एका व्यापाऱ्याच्या दुकानात प्रकट झाले.

खोडण्याच्या शिक्क्यांचा छंद याच काळात बहरतो. लहान कचेऱ्यांना सरकार शिक्के पुरवत नसे, म्हणून पोस्टमास्तर बाटलीच्या बुचावर चाकूने काहीतरी कोरून तिकिटे खोडत. तारे, कवट्या, पाने, प्राणी. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीच्या जॉन हिल यांचा हात यात कोणी धरू शकला नाही. १८६९ च्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास त्यांनी कोरलेली पळती कोंबडी हा आज या छंदातला सर्वांत मागणीचा शिक्का आहे. बूच मऊ, काही दिवसांत झिजणारे, त्यामुळे प्रत्येक नक्षीचे आयुष्य थोडे आणि पाकिटे मोजकी.

१८७० नंतर तिकिटांचे कंत्राट तीन कंपन्यांच्या हातून गेले: नॅशनल, १८७३ पासून कॉन्टिनेंटल, १८७९ पासून अमेरिकन बँक नोट कंपनी. चित्रे तीच राहिली. कॉन्टिनेंटलने आपले काम ओळखू यावे म्हणून कमी किमतीच्या तिकिटांत गुप्त खुणा केल्या. १ सेंटाच्या तिकिटात आकड्याच्या डावीकडच्या मोत्यात एक बारीक वक्र रेघ आहे, ३ सेंटांच्या हिरव्या वॉशिंग्टनमध्ये फितीच्या डाव्या टोकाखाली सावली गडद केली आहे. अमेरिकन कंपनीचा कागद मऊ आणि सच्छिद्र, आधीच्या दोघींचा कडक. या विभागात पुष्कळांचा उत्साह मावळतो, आणि ते समजण्यासारखे आहे. पण ३ सेंटांचे हे हिरवे तिकीट पेटीभर मिळते. १ ऑक्टोबर १८८३ रोजी पत्राचा दर २ सेंटांवर आला तोपर्यंत देशभर तेच चालले, त्यामुळे शिक्के, मार्ग आणि गावे यांच्या अभ्यासाला इतके सोयीचे दुसरे तिकीट नाही.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनाबरोबर स्मारक तिकिटांचे युग सुरू झाले. कोलंबसाच्या प्रवासाची १६ तिकिटे, १ सेंटापासून ५ डॉलरपर्यंत, दर्शनी किंमत एकूण १६ डॉलर ३४ सेंट. एवढी तिकिटे संग्राहकांच्या खिशावर डोळा ठेवूनच काढली आहेत, अशी ओरड तेव्हाही झाली, आणि टपालप्रमुख जॉन वानामेकर हे मूळचे दुकानदार असल्याने ती अगदीच अनाठायी नव्हती. १ सेंटाच्या तिकिटात जमीन दृष्टीस पडलेला कोलंबस गुळगुळीत दाढी केलेला आहे, आणि २ सेंटांच्या तिकिटात किनाऱ्यावर उतरणाऱ्या त्याच कोलंबसाला भरघोस दाढी आहे. ही दोन तिकिटे वेगवेगळ्या चित्रकारांच्या चित्रांवरून घेतली, एवढेच कारण. २ सेंटांची तिकिटे सुमारे १४६ कोटी छापली गेली, तर डॉलरच्या किमतीची तिकिटे खिडकीवर पडून राहिली. १८९८ च्या ओमाहा प्रदर्शनाच्या मालिकेत १ डॉलरच्या तिकिटावर वादळात सापडलेली पश्चिमेची गुरे आहेत, अमेरिकी तिकिटांत देखणे म्हणून त्याचे नाव अजून घेतात. मूळ चित्र जॉन मॅकव्हर्टर यांचे आणि गुरे स्कॉटलंडची. दरम्यान १८९४ पासून छपाई सरकारच्या स्वतःच्या छापखान्याकडे गेली आणि पुढच्या वर्षापासून कागदात जलचिन्ह आले.

संग्रह करायचा तर हे सगळे शतक एकदम घेऊ नये. एक दर, एक मार्ग, एक गाव किंवा एकच तिकीट धरावे. सुट्या तिकिटाच्या किमतीत छिद्रे, रंग, मूळ डिंक आणि चित्र मध्यावर असणे यांचा वाटा मोठा, आणि म्हणूनच फसवणूकही तिथेच. नवा डिंक लावणे, फाटलेली बाजू जोडणे, दात पुन्हा पाडणे, टाकाची रेघ रसायनाने उडवून तिकीट कोरे भासवणे हे सगळे होते. पाकिटाच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर सलग उतरला आहे का. दुसरा, तिकिटांची बेरीज त्या तारखेच्या दराशी जुळते का. तिसरा, तारखेचे वर्ष. त्या काळच्या बहुतेक गोल शिक्क्यांत वर्ष नसे, पण व्यापारी पत्र आले आणि उत्तर दिले अशी नोंद पाकिटाच्या कडेला करून ठेवत. ती नोंद खोडून वा कापून पाकीट ‘नीटनेटके’ करणारा विक्रेता टाळावा.

मोठ्या रकमेच्या वस्तूला प्रमाणपत्राशिवाय हात लावू नये. न्यूयॉर्कचे फिलॅटेलिक फाउंडेशन आणि १८८६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन फिलॅटेलिक सोसायटी अशी तपासणी करतात. तिकिटांना क्रमांक दिले आहेत ते स्कॉट कॅटलॉगने, आणि व्यवहारात ‘स्कॉट अकरा’ असेच बोलले जाते. त्यातल्या किमती मात्र उत्तम प्रतीच्या असतात, वापरलेल्या साध्या प्रती बाजारात त्याच्या बऱ्याच खाली मिळतात. साठवणीसाठी आम्लरहित कागद आणि पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे वापरावेत. पीव्हीसीचे खिसे शाई ओढून घेतात. मुंबई-कोकणच्या हवेत मूळ डिंक असलेली तिकिटे पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात आणि जुन्या कागदावर तांबूस ठिपके उमटतात, म्हणून जून ते सप्टेंबर अल्बम आडवे रचून न ठेवता उभे, मोकळे आणि सिलिका जेलसह ठेवलेले बरे.